दवाखाना मोफत, पण खाड्याचं काय?

(महासंघाच्या ग्रामसंघ प्रतिनिधींच्या बैठकीत राजारामपुरी, कोल्हापूर इथं क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना बैठकीला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते इथं छापत आहोत.)



अध्यक्ष ताई, सचिव ताई, सगळ्या ग्रामसंघांच्या पदाधिकारी, सीआरपी ताई, आणि हे भाषण घरी बसून वाचणाऱ्या माझ्या सगळ्या ताई, काकू आणि मावश्यांनो.

मला आज ‘आरोग्यातील समानता आणि सामाजिक न्याय’ असा विषय दिलाय. विषय ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडं बघितलं, ते मला इथून दिसलं. शब्द मोठे आहेत खरे. म्हणून मी ते हिशोबात मांडणार आहे. हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं कुणालाही झोपेतून उठवून विचारा, तोंडपाठ असतात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब लेखन. सहावं सूत्र आरोग्याचं. पण बैठकीत पाचपर्यंत येईतोवर दिवेलागण होते, चुलीची आठवण येते आणि आपण वही मिटतो. आज आपण सहाव्यापासून सुरू करू.

तीन बायका, एकच तपासणी

आज तुम्ही एसटीनं कोल्हापुरात उतरून राजारामपुरीत आलात. येताना पाट्या बघितल्या असतील. मेन रोडला आणि आतल्या गल्ल्यांत डॉक्टर, लॅब, सोनोग्राफी, औषधाची दुकानं. इथल्या बाईचं पोट दुखलं तर ती संध्याकाळी भाजी आणायला बाहेर पडते आणि जाता जाता डॉक्टरला दाखवून येते. तिच्या हिशोबात तपासणीची फी आहे, दुसरं काही नाही.

आता आपल्या गटातली बाई घ्या. राधानगरीच्या किंवा गगनबावड्याच्या एखाद्या वाडीवरची. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात फी नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी, औषधापर्यंत सगळं मोफत आहे. पण तिला सकाळची एसटी गाठायची आहे. जनावरांचं कोण बघणार हे ठरवायचं आहे. त्या दिवसाची मजुरी बुडणार. घरात विचारावं लागणार. म्हणजे फी शून्य, आणि तरी दिवस संपताना चार-पाचशेचा खड्डा.

तिसरी बाई आपल्या गावाबाहेर कोपीत राहते. ती दसरा-दिवाळीच्या दरम्यान बीडहून येते आणि मार्च-एप्रिलला परत जाते. तुम्ही तिला ओळखता. वाड्याची पेंडी घ्यायला आपण तिच्याकडंच जातो. तिच्यासाठीही तेच आरोग्य केंद्र, तीच शून्य फी. पण ती आणि तिचा नवरा मिळून एक ‘कोयता’. दोघांनी मिळून मुकादमाकडून उचल घेतलेली. ती एक दिवस आली नाही तर जोडी मोडते, दोघांचं काम अडतं. त्याला ते खाडा म्हणतात. खाड्याचे पैसे कापले जातात, कुठं पाचशे, कुठं त्याहून जास्त, आणि मजुरीही बुडते. शिवाय दवाखाना कुठं आहे, आत कुणाला विचारायचं, हे परक्या गावात तिला ठाऊक नाही. दवाखाना उघडतो तेव्हा ती फडात असते. ती फडातून येते तेव्हा बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो.

तपासणी एकच. पहिलीला ती जाता जाता होते. दुसरीला एक दिवस लागतो. तिसरीला दिवस, दंड आणि मुकादमाची बोलणी, हे सगळं सोसावं लागतं. सरकारी कागदावर तिघी समान आहेत. समानता आणि न्याय यांत फरक काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा हिशोब दाखवते. सगळ्यांना एकच दार उघडं ठेवणं ही समानता झाली. दारापर्यंत यायला कुणाला किती मोजावं लागतं हे बघून, जिला जास्त पडतं तिचा भार कमी करणं, हा न्याय.

तो भार कुठं गेला

ज्या बाईला एका तपासणीला इतकं मोजावं लागतं, ती काय करते? ती जात नाही. अंगावरून पांढरं जातं, ती काढते तसेच दिवस. ओटीपोट दुखतं, मेडिकलमधून गोळी आणून घेते. पाळीत कापड धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, आणि पहाटेपासून उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. दुखणं हंगामभर अंगावर काढलं जातं. मग गावी परत गेल्यावर ती खाजगी दवाखान्यात जाते, आणि तिथं तिला सांगितलं जातं: पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका.

2019 साली ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली आणि राज्यभर गाजली. विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती.

हा आकडा हिशोबात घेऊ. साधारण दर सहा बायकांत एक. देशात 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत सुमारे तिघींची पिशवी काढलेली आढळली. इथं शंभरात जवळजवळ सतरा.

आता कुणी म्हणेल, त्या बायकांनी स्वतःच सही केली, कुणी बळजबरी केली नाही. सही केली हे बऱ्याच ठिकाणी खरं असेल. मी गेल्या दोन हंगामांत कोप्यांवर जाऊन बसलेय. एक ताई मला म्हणाली, “लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम? पाळी गेली की खाडा गेला.” तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालेलं, तिशीच्या आतच पिशवी काढलेली. तिच्या जागी उभं राहून बघितलं तर तिचा हिशोब चुकीचा नाही. दर महिन्याला दोन-तीन खाडे, त्यांचे दंड, वर कॅन्सरची भीती. एकीकडं हे सगळं आणि दुसरीकडं एक ऑपरेशन. पण ज्या हिशोबात बाईला स्वतःच्या शरीराचा अवयव देऊन मजुरी वाचवावी लागते, तो हिशोब मांडणाऱ्या व्यवस्थेतच खोट आहे. आणि ऑपरेशनचे पैसे? ते पुन्हा पुढच्या उचलीतून. म्हणजे कर्ज फेडायला ऊस तोडायचा, ऊस तोडता यावा म्हणून पिशवी काढायची, आणि पिशवी काढायला कर्ज.

पुढं काय होतं तेही सांगते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जायच्या वयातला त्रास पंचवीस-तिशीतच सुरू होतो. अंगातून वाफा येणं, झोप न लागणं, हाडं ठिसूळ होणं. अंडाशयं ठेवली तरी काहींना हा त्रास लवकर सुरू होतो. मोळी उचलता यावी म्हणून जे काढलं, त्यानंच कंबर धरते.

“ती काय आपली न्हवंत”

हे मी आपल्या एका गटात सांगितलं तेव्हा काय झालं, ते प्रामाणिकपणे सांगते. एक ताई म्हणाल्या, “वाईट वाटतंय ओ, पर ती काय आपली न्हवंत. उचल बुडवून रातोरात पळत्यात. तोड द्यायला खुशाली मागत्यात. आमच्या दिराचा ट्रॅक्टर त्यापायीच विकला.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. आपल्या जिल्ह्यात उचलीपायी बुडालेले वाहनमालक आहेत. तोड वेळेवर यावी म्हणून खुशाली मोजणारे शेतकरी या सभागृहातल्या निम्म्या घरांत असतील. हा राग मनात ठेवून वर गोड बोलण्यात अर्थ नाही. पण उचल कुणाच्या हातात येते? मुकादमाच्या. करार कोण करतं? मुकादम आणि नवरा. त्या बाईचा ना अंगठा, ना नाव, ना वेगळी मजुरी. पैसे बुडवण्यात तिला कुणी विचारलं नाही, आणि खाडा मात्र तिच्या नावावर.

त्याच बैठकीत कोपऱ्यातल्या एका आजींनी विचारलं, “अगं, ती राहू दे. आपल्या गटात पिशवी काढलेल्या किती?” कुणी बोलेना. मग एकीनं हात वर केला. मग दुसरीनं. मग सचिवांनी कर्जाची नोंदवही काढली. कर्जाचं कारण या रकान्यात ‘दवाखाना’ असं लिहिलेलं होतं, त्यांतली दोन कर्जं पिशवीचीच निघाली. एकीला विचारलं, आजार काय होता? ती म्हणाली, “डॉक्टरांनी खराब झालीया म्हणून सांगितलं.” कागदावर काय लिहिलंय? कागद सापडला नाही. गटाचं कर्ज मात्र व्याजासकट फिटलं.

त्या दिवशी ‘आपली’ आणि ‘परकी’ यातलं अंतर बरंच कमी झालं. महाराष्ट्रात 2019-21 च्या पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्ताची कमतरता होती. त्या सगळ्या काही कोपीतल्या नव्हत्या. दुखणं अंगावर काढायची सवय आपल्याकडंही तीच, घाबरवलं की सही करायची सवयही तीच. फरक इतकाच की आपल्याला विचारायला गट आहे, सीआरपी आहे, आशाताई ओळखीची आहे. तिला कुणी नाही. जिल्ह्यात स्थानिक टोळ्याही आहेत, आणि आपल्यातल्याही काहीजणी हंगामात फडात जातात, हेही विसरू नका.

कोल्हापूरची जुनी शिकवण

आपण शाहू महाराजांच्या गावात बसलोय. 1902 च्या आरक्षणाबद्दल आपण दर 26 जूनला, त्यांच्या जयंतीला, ऐकतो. 1919 सालचे त्यांचे हुकूम त्या मानानं कमी सांगितले जातात. सरकारी दवाखाने, शाळा, पाणवठे अशा ठिकाणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना इतरांच्या बरोबरीनं वागवायचं, असे ते हुकूम होते. दवाखान्यांसाठी त्यांनी मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांचा दाखला दिला, की ते भेद न करता सगळ्यांना तपासतात, तसं आपल्याकडं व्हावं. आणि ज्या नोकराला हे जमणार नाही त्यानं नोकरी सोडावी, असंही बजावलं.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दवाखाना सगळ्यांना खुला आहे, एवढं म्हणून महाराज थांबले नाहीत. खुला असूनही माणूस आत का येत नाही, हे त्यांनी बघितलं, आणि बदलायची जबाबदारी रुग्णावर न टाकता आत बसलेल्यांवर टाकली. आज जातीची अडचण पूर्ण गेलीय असं मी म्हणणार नाही. तुम्ही वाड्या-वस्त्यांवर राहता, तुम्हाला ठाऊक आहे. त्यात खाडा, अंतर, परकं गाव, धनगरवाड्याची न झालेली वाट, या अडचणीही आहेत. प्रश्न तोच आहे: हलायचं कुणी? बाईनं, की दवाखान्यानं?

हंगामाआधी काय करायचं

गौरी-गणपती झाले. आता दसरा झाला की टोळ्या येतील. आपल्याकडं महिनाभर आहे. खाली सांगते त्यातलं बहुतेक बिनपैशाचं आहे. आपला जोखीम प्रवणता निधी सभासदांचा आहे, त्याला हात लावा असं मी सुचवत नाही.

पहिलं, मोजणी. टोळी उतरली की आठ दिवसांच्या आत ग्रामसंघाच्या दोघी आणि आशाताई कोप्यांवर जाऊन या. गरोदर किती, ओल्या बाळंतिणी किती, सहा वर्षांखालची मुलं किती, एवढंच लिहा. आधार कार्ड मागू नका, उचलीचा विषय काढू नका. पहिल्या दिवशी नुसती ओळख करा.

दुसरं, दवाखाना कोपीवर न्या. दर महिन्याला अंगणवाडीत ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो. तुमच्या गावच्या सिस्टरना ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, की हंगामात महिन्यातून एकदा संध्याकाळी, टोळी फडातून आल्यावर, ही तपासणी कोप्यांवर घ्यावी. संध्याकाळी घेतली तर कुणाचा खाडा होत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा. पोच घ्या. महिन्यात काही झालं नाही तर त्याच पोचेची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं. अर्ज कसा लिहायचा यासाठी मला फोन करा, मी येऊन लिहून देईन.

तिसरं, हक्क सांगा. गरोदर बाईची नोंद कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती बीडची आहे म्हणून नाकारता येत नाही. माता-बाल कार्ड तिच्या गावचं असेल तर तेच इथं चालतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन असलं तरी, मोफत. औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं त्यात. गरोदर बाईला न्यायला 102, तातडीला 108. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची खास तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर भेटतात. अंगणवाडीचा आहार तिच्या मुलांनाही मिळतो. रेशन कार्डावरचं धान्य ती आपल्या गावच्या दुकानातूनही उचलू शकते. यातलं एकेक सांगायला दोन मिनिटं लागतात, पण तिला ते सांगणारं कुणी भेटलेलं नसतं.

चौथं, कारखान्याच्या सभेत बोला. आपल्या जिल्ह्यातले बरेच कारखाने सहकारी आहेत. सध्या वार्षिक सभा सुरू आहेत. इथं बसलेल्या ज्या ताईंच्या नावावर शेअर आहे, त्यांनी हात वर करा... बघा, मला वाटलं त्यापेक्षा जास्त आहेत. तुम्ही मालक आहात. टोळ्या उतरतात तिथं पाणी, फिरतं शौचालय आणि दिवा, एवढी एक मागणी लेखी द्या. शेअर नवऱ्याच्या नावावर असेल तर कागद त्यांच्या हातात द्या, पण लिहा तुम्ही. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे. कामगारांची नोंद आणि ओळखपत्रं याबद्दल कारखान्याच्या शेती विभागाला विचारा. ओळखपत्र तिच्या स्वतःच्या नावाचं आहे का, एवढं नक्की विचारा.

पिशवी काढायला सांगितली तर

हे शेवटचं सगळ्यांसाठी, कोपीतल्या बाईसाठीही आणि तुमच्या-माझ्यासाठीही. पिशवी काढणं नेहमीच चुकीचं असतं असं नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव औषधांनी थांबतच नसेल, तर ऑपरेशन जीव वाचवतं. पण नुसतं पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं याचं कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतं आणि तो औषधानं बरा होतो. म्हणून सहीच्या आधी पाच प्रश्न. हे वार्तापत्रातून कापून कपाटाला चिकटवून ठेवा.

1. मला नेमका आजार कोणता? नाव कागदावर लिहून द्या.

2. औषधानं किंवा दुसऱ्या उपायानं बरं करून बघितलं का? किती दिवस बघायचं?

3. कॅन्सरची भीती आहे म्हणता, तर तपासणी केली का? तिचा रिपोर्ट कुठाय?

4. अंडाशयं ठेवणार की काढणार? आणि का?

5. महिनाभर थांबलं तर काय होईल?

हे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. जो उत्तर द्यायचं सोडून घाई करतो, त्याच्याकडून कागद घ्या आणि दुसरीकडं दाखवा. ग्रामीण रुग्णालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, कोल्हापुरात सीपीआर आहे. सीपीआर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, त्याचं खातं वेगळं; म्हणून कशाला किती पैसे पडतात ते आधी खिडकीवर विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारा उपचार असेल तर आरोग्यमित्राला भेटा, कुटुंबामागं वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची साधी तपासणी तिशीच्या पुढच्या बायकांसाठी सरकारी केंद्रात होते. ती आशाताईंना विचारून करून घ्या. भीती वाटत असेल तर तपासणीनंच जाईल.

आणि सचिव ताईंना एक विनंती. यापुढं ‘दवाखाना’ म्हणून कर्ज मागणी आली तर कर्ज अडवू नका, पण ऑपरेशनसाठी असेल तर हे पाच प्रश्न बैठकीत विचारा. कर्ज द्यायच्या आधी गाय कशी आहे ते आपण चौघी जाऊन बघतो. मग मैत्रिणीच्या ऑपरेशनच्या वेळी तिच्याबरोबर दवाखान्यात एक जण गेली तर काय बिघडलं?

आपल्या हातात कायदाही आहे. बीडमध्ये 2019 नंतर खाजगी दवाखान्यांना पिशवीच्या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या गरीब बायकांच्या अशाच ऑपरेशनांबद्दल सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. दहा वर्षं खटला चालला आणि एप्रिल 2023 मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशव्या काढणं थांबवण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करा. पण वर निघालेला आदेश गावात आपोआप पोचत नाही. तो विचारणाऱ्या बाईच्या तोंडून पोचतो, आणि एकटीनं विचारण्यापेक्षा दहाजणींनी विचारलं की उत्तर लवकर मिळतं. गटाची ताकद आपण बँकेत बघितलीय. जी बँक आधी दारात उभं करत नव्हती, ती आता आपल्याला खुर्ची देते. दवाखान्यात आणि कारखान्यातही तीच ताकद लागणार आहे.

मी तुमच्या लेकीच्या वयाची. एमएसडब्ल्यू करताना न्याय या शब्दाच्या पुष्कळ व्याख्या लिहिल्या. कामाला लागल्यावर त्यांतली एकच उरली: जी सगळ्यात मागं आहे, तिच्या वेळेनुसार काम ठरवायचं. संध्याकाळची तपासणी ही त्याचीच सुरुवात आहे.

म्हणून आज एक ठराव मांडते. प्रत्येक ग्रामसंघानं दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत तीन गोष्टी लिहून आणायच्या: आपल्या हद्दीत कोप्या किती, त्यांत गरोदर किती, आणि सिस्टरना दिलेल्या अर्जाची पोच. ज्यांच्या गावात टोळी उतरत नाही, त्यांनी आपल्या धनगरवाड्याची किंवा सगळ्यात लांबच्या वस्तीची मोजणी आणावी. आपण ते आकडे एका तक्त्यात मांडू आणि तो तक्ता घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटू. यायला कोण कोण तयार आहे, त्यांची नावं सचिव ताई आत्ता जेवणाआधी लिहून घेतील.

कुणाला शंका असेल तर विचारा. नाहीतर नावं द्यायला या.